दुसऱ्याच्या नावाने

लालबागला जिथे मसाला कांडून देतात त्या दुकानासमोरून रेव्हरंड जयवंत चक्रनारायण नाकाला रुमाल लावून चालले होते, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "आलास व्हय रं दादा?" ते जागच्या जागी थांबले. रुमाल नाकावरून खाली आला आणि मिरचीचा खाट सरळ डोळ्यांत गेला. त्यांनी वळून पाहिलं. डोक्यावर पोतं घेतलेला एक हमाल समोरून येणाऱ्या दुसऱ्या हमालाला विचारत होता. दुसरा हसून म्हणाला, "आलो की." दोघं दोन शब्द बोलून आपापल्या वाटेने गेलेही. इतकंच झालं होतं. या गावात जो तो दादा. भाजीवाला दादा, ट्रामचा कंडक्टर दादा, रस्ता अडवून उभा राहिलेला परका माणूसही दादाच. हे जयवंतरावांना कळत नव्हतं असं नाही. पण आपण दुकानाच्या फळीला धरून उभे आहोत हे दुकानदाराने "काय पाद्रीबाबा, मिरची लागली काय?" असं विचारलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "लागली थोडी," ते म्हणाले आणि लगेच मनात खटकलं, की हेही तसं खोटंच झालं.

खोट्याची त्यांना सवय नव्हती. परळच्या त्यांच्या लहानशा मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं, की पाळकसाहेब मरणाऱ्या माणसालाही 'बरे व्हाल' म्हणत नाहीत. इस्पितळातल्या क्षयाच्या वॉर्डात ते आठवड्यातून दोनतीनदा जात. शास्त्र वाचून दाखवायला जात असतील अशी बाहेरच्यांची समजूत होती. पण बहुतेक वेळा ते रोग्यांची नखं कापत बसलेले असत. औषध द्यायला नर्स असते, जेवण द्यायला वॉर्डबॉय असतो, नखं मात्र कुणी कापत नाही आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची नखं कशी भराभर वाढतात. खिशात एक छोटी कात्री ठेवून ते या खाटेवरून त्या खाटेकडे जात. रोगी विचारत, "पाद्रीबाबा, मी वाचेन का हो?" ते हात हातात घेऊन म्हणत, "मला माहीत नाही. मी परत येईन, एवढं माहीत आहे." आणि परत येत. त्यांच्याजवळ द्यायला तेवढंच होतं. आपल्या धन्याने, प्रभूने, आपल्याला काही फार मोठ्या कामासाठी बोलावलेलं नाही, हे त्यांनी नगरकडच्या खेड्यातून मुंबईत आल्यावर पहिल्या वर्षातच ओळखलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. लहान काम खरेपणाने करता येतं, असं ते सुभद्राबाईंना म्हणत. त्या खरेपणालाच छप्पनच्या जानेवारीत तडा गेला आणि आता दोन वर्षं होत आली तरी तो तडा मिरचीच्या दुकानासमोर, भर दुपारी, कुणा हमालाच्या तोंडून बोलत होता.

त्या दिवशीही ते वॉर्डातूनच परतत होते. भिंतींवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवलेलं होतं, गिरण्यांचे भोंगे वाजले नव्हते, रस्त्यावर फुटक्या बाटल्या आणि चपला. चपला फार. माणसं पळताना चपला सोडून जातात हे त्यांना तेव्हा कळलं. मग तो आवाज झाला. कोरड्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. एकदा, मग पाठोपाठ पुष्कळदा. लोंढ्याबरोबर ढकलले जाऊन ते एका चाळीच्या जिन्यात शिरले. लोक वर धावत गेले, दारं लागली. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक पोरगेला माणूस भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले, एखाद्याने चोरून काही आणावं आणि लपवावं तसे. जयवंतराव त्याच्याजवळ बसले. त्याचं डोकं घसरायला लागलं तेव्हा त्यांनी ते मांडीवर घेतलं. बाहेर पाहिलं तर हाकेच्या अंतरावर इस्पितळ, आणि मधल्या रस्त्यावरून कुणाला न्यायची सोय नव्हती. पोराचे डोळे उघडे होते, पण ते जयवंतरावांच्या तोंडावर येऊन पलीकडे कुठेतरी जात होते. तो म्हणाला, "आलास व्हय रं दादा?"

पोराने पुन्हा म्हटलं, "दादा." त्या आवाजात विचारणं नव्हतं, वाट पाहणं होतं. जयवंतराव म्हणाले, "आलो." मग तो म्हणाला, "त्या बंदूकवाल्यांत तू न्हवतास न्हवं?" आणि जयवंतरावांना क्षणात सगळं समजलं: याचा भाऊ पोलिसात आहे, दोघांचं बिनसलेलं आहे, आणि हा मरायच्या आधी एवढंच विचारतो आहे. त्यांच्या तोंडून उत्तर गेलं, "न्हवतो रं." आपल्या नेहमीच्या भाषेतही नाही. मिशनच्या शाळेत छड्या खाऊन घासून काढलेली आजोबांची बोली कुठून तरी वर आली आणि त्या बोलीत ते खोटं बोलले. पोराचे पोटावरचे हात सैल झाले. "मला ठावं व्हतं," तो म्हणाला. किती खात्रीने म्हणाला! त्यानंतर थोडा वेळ त्याचा श्वास चालू होता, पण बोलायचं त्याचं संपलं होतं.

पोराचं नाव लहू, हे त्यांना नंतर चाळीत कळलं. गिरणीत साच्यांवर कामाला होता, साताऱ्याकडचा. भाऊ होता, पण त्याचं नाव काढायला कुणी तयार नव्हतं. सुंदराबाई नावाची शेजारीण तोंडावर म्हणाली, "तो पोलिसवाला? त्याला कशाला हुडकता? लहूनंच त्याला सांगितलं होतं, ही वर्दी उतरव नाहीतर माझ्या खोलीत पाय ठेवू नको." जयवंतरावांनी एकदोन पोलीस वस्त्यांत चौकशी केली आणि मग सोडून दिली. वेळ नाही म्हणून सोडली असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. भाऊ भेटला असता तर त्याला विचारावं लागलं असतं, की तू होतास का. आणि तो 'होतो' म्हणाला असता तर?

हळूहळू ते 'तर' त्यांच्या प्रार्थनेत शिरलं. बाप्तिस्मा, लग्न, मूठमाती, जेवणाआधीची दोन वाक्यं, सगळ्याच्या शेवटी 'तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो' हे म्हणायचं असतं. आयुष्यभर म्हटलेले शब्द. आता ते जिभेवर येताच अडखळत. दुसऱ्याच्या नावाने. त्या दिवशी आपण दुसऱ्याच्या नावाने दिलं आणि दुसऱ्याच्या नावाने घेतलंही. 'मला ठावं व्हतं' या तीन शब्दांत जी काही माया होती ती आपल्या पदरात पडली, ज्याची होती त्याला मिळालीच नाही. मंडळीतले लोक डोळे मिटून 'आमेन'ची वाट पाहत असत आणि जयवंतरावांना मांडीवर एक ओझं जाणवत असे, डोक्याएवढं, उबदार. कधी वॉर्डात नखं कापताना एखादा हात अचानक सैल पडला की त्यांच्या पाठीतून काटा जाई. पुष्कळदा रस्त्यात त्यांना वाटे, कुणीतरी दोन पावलं मागून चालतंय; वळून बघावं तर खेळणारी पोरं, पाणी भरून चाललेल्या बाया.

सुभद्राबाईंना हे सगळं माहीत होतं. मिरचीच्या दिवशी ते घरी आले तेव्हा चेहरा पाहूनच त्या म्हणाल्या, "पुन्हा?" त्यांनी मान हलवली. "अहो, त्यानं पाणी मागितलं असतं तर दिलं असतंत की नाही?" त्या म्हणाल्या. "त्यानं ते उत्तर मागितलं. तुम्ही दिलंत." "पाणी माझ्या घरचं असतं, सुभद्रा. हे दुसऱ्याच्या विहिरीतलं होतं. गोड की विषारी, मला ठाऊक नव्हतं." सुभद्राबाईंनी डोळे धुवायला तांब्या पुढे केला.

पुढच्या उपासनेला शेवटच्या बाकावर एक अनोळखी माणूस येऊन बसला. वहाणा बाहेर काढून आला होता, त्यामुळे तो मंडळीतला नव्हे हे उघडच होतं. खाकी सदरा, पण वर्दीचा नव्हे, रखवालदाराचा. लोक गीताला उभे राहिले तेव्हा तोही उभा राहिला, आणि ज्या तऱ्हेने उभा राहिला, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून, ती पाहून जयवंतरावांनी हातातलं पुस्तक मिटलं. त्याची हनुवटी त्यांनी ओळखली. लहूची अशीच हनुवटी त्यांनी त्या जिन्यात तळहाताने सावरून धरली होती. त्या दिवशीचं प्रवचन त्यांनी कसं पुरं केलं ते त्यांना मागाहून आठवेना. मंडळी सलाम करत करत निघून गेली. तो माणूस बसूनच राहिला.

"मी कुशाबा," तो म्हणाला. "काटन गिरीनला कापसाच्या गोदामावर रखवालीला हाय. आधी पोलिसात व्हतो." थोडं थांबून म्हणाला, "माजा भाऊ तुमच्या मांडीवर गेला म्हनत्यात."

"कोण म्हणालं?"

"सुंदराबाई. दोन वरसं दारात हुबं करत न्हवती. परवा म्हनाली, गळ्यात पांढरी पट्टी लावलेला पाद्री व्हता त्येच्यापाशी, जा, त्येला इचार."

जयवंतराव त्याच्या शेजारी बाकावर बसले. आपण पाळक आहोत आणि हा दुःखी माणूस आहे, अशा वेळी काय बोलायचं असतं ते सगळं त्यांच्या तोंडाशी तयार होतं. 'त्यानं तुमची आठवण काढली' एवढ्यावर थांबता आलं असतं. ते खरंही होतं. पण ते वाक्य मनात तयार होत असतानाच त्यांना दिसलं, की ते त्या माणसासाठी नाही, आपल्या स्वतःच्या बचावासाठी आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. जिना, पोटावरचे हात, हाक. "तो मला तुम्ही समजला. म्हणाला, आलास का दादा. मी आलो म्हणालो. मग त्यानं विचारलं, त्या बंदूकवाल्यांत तू नव्हतास ना."

कुशाबा समोर बघत होता. "मग?"

"मी म्हणालो, नव्हतो."

"माज्या नावानं."

"तुमच्या नावानं. मला तुमचं नावही माहीत नव्हतं."

"त्यो काय म्हनाला?"

"म्हणाला, 'मला ठावं व्हतं.'"

कुशाबाने पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकलं. त्याचे खांदे मोठे होते आणि ते आवाज न करता हलत होते, त्यामुळे सगळा बाकच हलत होता. जयवंतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने तो तसाच, डोकं न उचलता म्हणाला, "पाद्रीबाबा, मला कायतरी सांगायचं हाय."

आणि जयवंतरावांना भीती वाटली. दोन वर्षं ज्याचा घोर लागला होता ते आता ऐकू नये असं वाटलं. मागे त्यांच्या घरात चूल पेटल्याचा वास येत होता, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. 'आज राहू द्या, तुम्ही थकलात' असं म्हणता आलं असतं. मग ते बोलणं जन्मभर खोटं ठरलं नसतं. ते म्हणाले, "सांगा."

"मी त्या नाक्यावर न्हवतो. लालबागला न्हवतोच."

जयवंतरावांच्या अंगातून काहीतरी सुटलं. छातीत हवा भरली, इतकी, की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे खरं होतं. दुसऱ्याच्या विहिरीतलं पाणी गोड होतं. शेजारी एक माणूस मोडून पडलेला असताना आपल्याला आपला हिशेब चुकता झाल्याचा आनंद होतोय, हेही त्यांना त्याच क्षणी जाणवलं आणि शरमेने त्यांनी मान खाली घातली. पण कुशाबाचं बोलणं संपलं नव्हतं.

"गिरगावात व्हतो. हुकूम झाला. मी गोळी चालीवली. एकच. म्होरं एक मानूस पडला. आमच्या लहूच्याच दिवशी." त्याने आता डोकं उचललं. "त्यो बी कुनाचा तरी भाऊच की. लहूला तुमी व्हता. त्येला कोन व्हतं?"

देवाचं नाव घेऊन जयवंतरावांना एक उत्तर देता आलं असतं. ते शास्त्राला धरूनही झालं असतं. पण पुन्हा कुणाच्या तरी नावाने उत्तर द्यायचं त्यांना धाडस होईना. ज्याची गोळी आणि ज्याचा माणूस, त्या दोघांमधली ती गोष्ट होती. त्यात आपण क्षमेचा शब्द उच्चारला तर तो फुकटचा. वॉर्डात असताना त्यांना हे नेहमी साधत असे, आपल्याकडे नाही ते नाही म्हणणं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "घर ठाऊक आहे त्याचं?"

"हाय. दोन वरसं त्या चाळीसमोर जाऊन हुबा ऱ्हातो आन् माघारी येतो. बाय हाय घरात. बायकू आसंल त्येची."

"मी बरोबर येतो."

"मारत्याल मला लोकं. पोलिसाचं नाव काडलं तरी तिथं अजून लोकं उठत्यात."

"मारतील कदाचित. मी बरोबर असेन, तेवढंच."

सुभद्राबाईंनी दोघांना जेवायला वाढलं. कुशाबाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. त्यांनी आग्रह केला नाही, वाटीभर ताक त्याच्या हातात दिलं; ते त्याने प्यायलं. निघताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "गळपट्टी काढता का?" म्हणजे काही झालं तर पाद्री हकनाक मध्ये पडला असं लोकांनी म्हणायला नको. त्यांनी नाही म्हटलं.

ट्राममध्ये दोघं समोरासमोर बसले होते. कुशाबा आपल्या हातांकडे पाहत होता. नखं वाढलेली होती, कडा काळ्या. जयवंतरावांचा हात खिशातल्या कात्रीकडे गेला आणि परत आला. हा काही माझा रोगी नाही, त्यांना वाटलं. कोण आहे हा माझा? लहूने ज्याला हाक मारली तो हा, आणि ज्याने ओ दिली तो मी. एका नावाची दोन माणसं ट्रामने चालली आहेत. मागून कुणीतरी चालतंय असं जे त्यांना दोन वर्षं वाटत होतं, ते आज वाटत नव्हतं. पण त्याने बरं वाटण्याऐवजी अधिकच भयाण वाटलं, कारण आता कुणीतरी पुढे चाललेलं होतं. अनोळखी. चेहरा नसलेलं. गिरगावात पडलेलं आणि कुणाचीही मांडी न मिळालेलं.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर ऊन पडलं होतं. गॅलरीत जुनी लुगडी पसरून त्यांवर पापड वाळत घातले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कठड्याकडून वीतभर वाट ठेवलेली. तिकडच्या टोकाला चारपाच पुरुष पत्ते खेळत बसले होते. कुशाबा आपली मोठी पावलं पापडांना न लावता, एकेक जपून टाकत होता. दारात एक बाई पोळपाट घेऊन बसली होती. कपाळ मोकळं. तिने लाटता लाटता वर पाहिलं.

"कोण हवंय?"

सवयीने जयवंतरावांचे ओठ उघडले. परक्या दारात आधी बोलायचं ते पाळकाने. वीस वर्षांची ती रीत. त्यांनी ओठ मिटले.

"बाई," कुशाबा म्हणाला, "मी पोलिसात व्हतो. छप्पन साली, खाली नाक्यावर. तुमचा मानूस... माज्या गोळीनं गेला."

लाटणं थांबलं. बाईची नजर कुशाबावरून सरकून गॅलरीच्या टोकाला, पत्तेवाल्यांकडे गेली. एक हाक पुरली असती. खालच्या मजल्यावर कुणीतरी हार्मोनियमची एकच पट्टी दाबून पाहत होतं. बाईने पोळपाट बाजूला सरकवला, पदराला हात पुसले आणि फार हळू विचारलं, "तुम्ही त्यांना पाहिलंत? पडताना?"

"व्हय."

"मला कुणी काही सांगितलंच नाही. मी खाली पोचले तोवर सगळं... नंतर सगळे पाठीवर हात फिरवत राहिले. कुणाला विचारलं की म्हणायचे, गुणवंती, ते आता मनात आणू नको." तिने कुशाबाकडे पाहिलं. "काय करत होते ते?"

कुशाबाने उजवा हात उचलला आणि खाली ये म्हणून कुणाला बोलवावं तसा हलवला. "वर बगत व्हते. हसत व्हते. आसा हात क्येला व्हता."

"मला," ती म्हणाली. "मला बोलवत होते, मिरवणूक बघायला. मी गॅलरीत आले नाही. आतूनच ओरडले, हात पिठाचे आहेत, आलेच म्हणून."

ती रडेल असं जयवंतरावांना वाटलं. ती रडली नाही. त्या हलवलेल्या हाताकडे, जो आता कुशाबाच्या अंगाला लटकत होता, ती पाहत राहिली. जणू तो हात आता कुशाबाचा राहिला नव्हता. मग म्हणाली, "आत या. उभ्यानं नका सांगू. पहिल्यापासून सांगा. ते नाक्यावर आले तिथपासून."

क्षमेचं नाव तिने काढलं नाही. कुशाबानेही मागितली नाही. तो वाकून आत गेला आणि भिंतीशी बसला. खोली लहान होती. तिसऱ्या माणसाला आत काम नव्हतं. जयवंतरावांनी दार निम्मं ओढून घेतलं आणि ते बाहेर उंबऱ्याला टेकून, पापडांशेजारी जमिनीवर बसले.

पत्ते खेळणाऱ्यांतला एक जण उठून, लुंगी सावरत जवळ आला. "काय फादर? कोण आलाय गुणवंतीवहिनीकडे?"

जयवंतरावांनी त्याच्याकडे वर पाहिलं. "तिच्या मालकांना ज्यानं शेवटचं पाहिलं, तो माणूस आहे," ते म्हणाले. "तिला सगळं ऐकायचंय. तिचं ऐकून होईपर्यंत थांबा."

तो माणूस निम्म्या दाराकडे पाहत उभा राहिला. आतून कुशाबाचा आवाज येत होता, थांबत, अडत, पुन्हा सुरू होत. मध्येच बाईचा एखादा प्रश्न. शब्द कळत नव्हते. काय समजायचं ते त्या माणसाला समजलं असावं, कारण त्याच्या मुठी वळल्या. पण तो पुढे आला नाही. परत आपल्या जागी गेला, आणि मग त्या टोकाला पत्ते पिसल्याचा आवाज आला नाही. सगळे दाराकडे तोंड करून बसून राहिले. कुशाबा बाहेर येईल तेव्हा काय होईल ते जयवंतरावांना माहीत नव्हतं. आपण त्याच्यापुढे चालायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

कठड्यावर एक कावळा येऊन बसला, मान वाकडी करून त्याने पापडांचा अंदाज घेतला. जयवंतरावांनी हात उचलून त्याला हाकललं. तो उडाला, दुसऱ्या बाजूने परत आला. त्यांनी पुन्हा हाकललं. मग ते थोडे सरकून, दोन्ही बाजू दिसतील असे मांडी घालून बसले आणि गॅलरीतलं ऊन उतरेपर्यंत त्या बाईच्या पापडांची राखण करत राहिले.